व्हॅनिलाची लग्नं आणि नाताळची ब्राउनी

आज आम्ही स्वयंपाकघरातून निघून फार लांब जाणार आहोत. अमेरिकेला जाऊ, मेक्सिकोला जाऊ, आफ्रिकेच्या शेजारच्या समुद्रातल्या एका बेटावर जाऊ, आणि संध्याकाळच्या भाकरीच्या वेळेपर्यंत घरी परत येऊ.

झालं असं, की मागच्या डिसेंबरात आमच्या गटाने नाताळसाठी ब्राउनीच्या ऑर्डरी घेतल्या. आमच्या भागात मराठी ख्रिस्ती घरं पुष्कळ. त्यांच्याकडे नाताळला करंज्या, चकल्या, शंकरपाळे असं सगळं आपल्या दिवाळीसारखंच असतं. पण हल्ली मुलांना केकही हवा असतो. म्हणून आम्ही बिनकोकोची, गव्हाळ रंगाची व्हॅनिला ब्राउनी करायला घेतली. वर कागदाचा कापलेला तारा ठेवायचा, त्यावर गाळणीतून पिठीसाखर भुरभुरायची आणि कागद अलगद उचलायचा. रांगोळीचे छापे ज्यांनी वापरलेत त्यांना हे शिकवावं लागत नाही. कडेला कागदाच्या कोनातून आयसिंगचे थेंब, मधोमध अर्धा काजू. पाकीट दिसायला इतकं देखणं झालं, की आमच्याच पोरांनी चार पाकिटं फोडली.

चर्चच्या आवारातल्या विक्रीत एका कॉलेजच्या मुलीने पाकीट हातात घेतलं, उलटंसुलटं केलं आणि विचारलं, ‘काकू, यात व्हॅनिला खरा आहे की नुसता इसेन्स?’ आम्ही म्हणालो, ‘बाटलीवर व्हॅनिलाच लिहिलंय की.’ ती हसली आणि दोन पाकिटं घेऊन गेली. पण आम्ही एकमेकींच्या तोंडाकडे बघत बसलो. वर्षभर जो पदार्थ चमच्याने मोजून घालतोय तो झाडाला लागतो, की कारखान्यात होतो, हे आमच्यातल्या एकीलाही सांगता येईना. मग वाचनालयात गेलो, लेकीसुनांचे मोबाईल पालथे घातले, माहीतगारांना विचारलं. जे हाती लागलं ते आज सांगतो.

आधी ब्राउनीचं. ही अमेरिकेची. शिकागो शहरात १८९३ साली मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. कोलंबस अमेरिकेला पोचला त्याला चारशे वर्षं झाली म्हणून हा थाट. त्या प्रदर्शनात बायकांच्या कामाची एक स्वतंत्र इमारत होती. सोफिया हेडन नावाच्या तरुणीने तिचा आराखडा केला होता. या सगळ्या कारभारासाठी बायकांचं एक मंडळ नेमलेलं होतं आणि त्याच्या अध्यक्ष होत्या बर्था पामर. त्यांचे यजमान शिकागोतल्या पामर हाउस या बड्या हॉटेलचे मालक. हॉटेलवाले आजही सांगतात, की बर्थाबाईंनी आपल्या मुदपाकखान्याला हुकूम दिला: केकच्या तुकड्यापेक्षा लहान असावं, डब्यात नीट बसावं, हाताला चिकटू नये, असं काहीतरी गोड प्रदर्शनात येणाऱ्या बायांच्या डब्यासाठी करा. तेव्हा चॉकलेटची, वर अक्रोड घातलेली आणि जर्दाळूच्या पाकाने चकाकणारी वडी तयार झाली. तीच पुढे ब्राउनी म्हणून ओळखली गेली, असं त्यांचं म्हणणं.

आता हुकूम देणाऱ्या बाईंचं नाव आपल्याला ठाऊक आहे, हॉटेलचं नाव ठाऊक आहे. ज्याने किंवा जिने भट्टीपुढे उभं राहून ती वडी पहिल्यांदा जमवली, त्या आचाऱ्याचं नाव मात्र या गोष्टीत येत नाही. आम्ही ते शोधत राहिलो आणि तिथेच पहिल्यांदा अडखळलो.

त्याच प्रदर्शनात एक बाई मोठ्या पिठाच्या पिंपासारख्या देखाव्याजवळ उभ्या राहून लोकांना गरम धिरडी करून देत होत्या. तिकडे त्याला पॅनकेक म्हणतात. त्यांचं नाव नॅन्सी ग्रीन. केंटकी राज्यात गुलामीत जन्मलेल्या. पिठाच्या कंपनीने त्यांना ‘आंट जेमायमा’ हे बनावट नाव देऊन उभं केलं होतं. त्या नावाने पीठ घरोघरी गेलं, शंभर वर्षांहून अधिक काळ विकलं गेलं. नॅन्सीबाई १९२३ साली वारल्या आणि त्यांच्या थडग्यावर नावाचा दगड बसला तो २०२० साली. काळ्या बायांनी बर्थाबाईंच्या मंडळात आपल्यालाही जागा द्या म्हणून अर्ज केले होते, ते काही मान्य झाले नाहीत. बायकांच्या इमारतीतही कोणत्या बायका आत आणि कोणत्या बाहेर, हे ठरलेलंच होतं.

आपल्याकडचं कुणी होतं का तिथे? होतं. प्रदर्शनाच्या निमित्ताने जी सर्वधर्म परिषद भरली, जिथे विवेकानंद बोलले, तिथे जीन सोराबजी यांनी भारतातल्या स्त्रियांविषयी भाषण केलं. पुण्यात शाळा चालवणाऱ्या सोराबजी कुटुंबातल्या या. वकिलीत नाव काढलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांची ही बहीण. त्यांनी ब्राउनी चाखली की नाही, ते आम्हाला विचारू नका!

छापील ब्राउनीची गोष्ट वेगळीच आहे आणि आम्हाला ती जास्त आवडली. ती बोस्टनची. बोस्टन म्हटलं की पंडिता रमाबाईंची आठवण येतेच. रमाबाई १८८६ साली अमेरिकेला गेल्या, आणि त्यांच्या मदतीसाठी १८८७च्या डिसेंबरात बोस्टनमध्येच रमाबाई असोसिएशन उभं राहिलं. त्या पैशावर १८८९ साली मुंबईत शारदा सदन सुरू झालं. तर त्याच काळात, त्याच गावात, तिशीतली एक लंगडत चालणारी मुलगी स्वयंपाकाच्या शाळेत नाव घालत होती. फॅनी फार्मर तिचं नाव. सोळाव्या वर्षी तिच्यावरून वारं गेलं होतं. कॉलेजला जायचं स्वप्न मोडलं. काही वर्षं घरातच काढली. लग्न होण्याची आशा घरच्यांनी सोडलेली. मग तिने स्वयंपाकाचं शास्त्र शिकायचं ठरवलं. शिकता शिकता शिक्षिका झाली आणि काही वर्षांत त्याच शाळेची मुख्याध्यापिका.

फॅनीबाईंचं पाककृतींचं जाडजूड पुस्तक १८९६ साली निघालं. प्रकाशकाला भरवसा नव्हता. तीन हजार प्रती काढायच्या तर खर्च तुमचा तुम्ही करा, असं त्याने सांगितलं. बाईंनी केला. त्यामुळे पुस्तकाचा हक्क त्यांच्याकडेच राहिला आणि पुढे लाखो प्रती खपल्या, तेव्हा पैसाही त्यांनाच मिळाला. बचत गटाच्या बायांनी ही गोष्ट दोनदा ऐकावी.

पण पैशापेक्षा मोठं काम त्यांनी मापाचं केलं. त्याआधी तिकडच्या पुस्तकांतही ‘अक्रोडाएवढं लोणी’, ‘मूठभर पीठ’ असंच लिहायचे. फॅनीबाईंनी सांगितलं, कप शिगोशीग भरायचा नाही, चमचा डोंगरासारखा उचलायचा नाही. भरायचा आणि वरून सुरीची पाठ फिरवून सपाट करायचा. सगळ्यांचं माप एक. आम्हाला याचं मोल पहिल्याच महिन्यात कळलं होतं. आमच्यात आठ जणी ब्राउनी करायच्या आणि आठ जणींची आठ तऱ्हेची व्हायची. एकीची वडी मऊ, एकीची विटेसारखी. गिऱ्हाईक म्हणायचं, ‘मागच्या खेपेला होती तशी द्या’, आणि आम्ही मनात म्हणायचो, मागच्या खेपेला कुणाचा हात होता कोण जाणे! भाजीला हाताची चव चालते. भाकरीलाही चालते. मैदा आणि बेकिंग पावडरीला चालत नाही. आता आमच्याकडे एकच कप आहे, दोरीने खिळ्याला बांधलेला, आणि शेजारी सुरी. ते माप बोस्टनच्या त्या लंगड्या बाईंकडून आलंय हे आम्हाला मागच्याच वर्षी समजलं.

तर १८९६च्या त्या पुस्तकात ब्राउनी आहे, आणि तिच्यात चॉकलेटचा कणही नाही! लोणी, पिठीसाखर, एक अंडं, मैदा, पेकन नावाचा अक्रोडासारखा सुकामेवा आणि गोडव्यासाठी काकवी. होय, आपली गुऱ्हाळातली असते तसलीच काकवी, तिकडे पोर्तो रिको बेटावरून यायची. छोट्या नक्षीदार साच्यांत ती भाजायची आणि प्रत्येकीवर अर्धा पेकन बसवायचा. आम्ही अर्धा काजू बसवतो ते आमच्या डोक्यातून निघालं असं आम्हाला वाटत होतं. दहा वर्षांनी, १९०६च्या आवृत्तीत, बाईंनी चॉकलेटची ब्राउनी दिली आणि तिच्यात पाऊण चमचा व्हॅनिला आला. तीच जगभर पसरली. बिनचॉकलेटची मागे पडली. पुढे तिला अमेरिकेत ‘ब्लाँडी’ म्हणायला लागले. म्हणजे कोकोवाली ब्राउनी खरी आणि आमची पांढरी ती नकली, असं जे आम्हाला ऐकवलं जातं, त्याला आता उत्तर मिळालं. आधीची आमचीच!

काकवीचं नाव काढलं म्हणून एक सांगतो. पोर्तो रिकोच्या उसाच्या मळ्यांतली गुलामी १८७३ साली संपली. गोडाच्या पदार्थामागे उसाचा फड आला, की फडातल्या माणसांची गोष्ट येतेच. आमच्यातल्या तिघीजणी दर साल कोयता घेऊन कारखान्याच्या भागात जायच्या. त्यांना यात नवल काहीच वाटलं नाही.

आता व्हॅनिला. ही एक वेल आहे, ऑर्किडच्या जातीची. मूळ मेक्सिकोची. तिथे पापांतला भागात तोतोनाक लोक राहतात, त्यांना ती पिढ्यान् पिढ्या ठाऊक. मेक्सिकोचे अझ्टेक लोक कोकोच्या पेयात तिची शेंग घालायचे. स्पेनचे लोक आले, देश जिंकला आणि शेंगेला आपल्या भाषेतलं नाव देऊन टाकलं. त्या नावाचा अर्थ एवढाच, लहान शेंग.

युरोपच्या लोकांनी वेली नेल्या, काचघरात लावल्या, गरम बेटांवर लावल्या. वेल वाढायची, फुलायची, शेंग काही धरायची नाही. मेक्सिकोबाहेर तीनशे वर्षं ही वेल वांझ राहिली. ‘वांझ’ हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतोय, कारण दोष वेलीचा नव्हताच. फुलात नर आणि मादी दोन्ही भाग असतात, पण मधे एक बारीक पडदा असतो. त्यामुळे पराग आपोआप जागेवर पोचत नाही. मेक्सिकोत हे काम तिथल्या मधमाश्या करतात असं मानतात. बाकी ठिकाणी त्या माश्या नव्हत्या. त्यातून फूल उमलतं एकच दिवस. सकाळी उघडतं आणि दुपारनंतर मिटायला लागतं. त्या तेवढ्या वेळात झालं तर झालं.

बेल्जियमच्या चार्ल्स मोरेन या शास्त्रज्ञाने १८३६ साली हाताने परागीकरण करून शेंगा धरवून दाखवल्या. पण शेतावर रोज हजारो फुलांना करता येईल अशी सोपी रीत काही हाती लागली नव्हती. ती सापडली १८४१ साली. कुणाला? बारा वर्षांच्या एका गुलाम पोराला.

हिंदी महासागरात मादागास्करच्या पूर्वेला रेयूनियन नावाचं बेट आहे. तेव्हा त्याला बूर्बों म्हणायचे. फ्रेंचांची सत्ता होती. शेजारीच मॉरिशस. आपल्या कोकणातून गिरमिटिया म्हणून गेलेल्या मराठी माणसांची नातवंडं-पणतवंडं आजही जिथे गणपती बसवतात, ते मॉरिशस. तर रेयूनियनच्या सेंत सुझान गावात १८२९ साली एक मुलगा जन्मला. आई मेलीज त्याच्या जन्माच्या वेळीच गेली. पोराला एडमंड म्हणायचे. नुसतं एडमंड. गुलामाला आडनाव नसायचं.

त्याचा मालक बेलिए-बोमों झाडाझुडपांचा शौकीन. पोराला घेऊन बागेत हिंडायचा, झाडांची नावं सांगायचा. भोपळ्याच्या जातीच्या वेलींत नर फूल वेगळं, मादी फूल वेगळं, आणि नराचा पराग मादीला लावला की फळ धरतं, हे त्याने एडमंडला शिकवलं होतं. आपल्यातल्या कितीतरी जणी परसातल्या दुधीला, लाल भोपळ्याला हेच करतात. सकाळी नर फूल तोडायचं, पाकळ्या मागे सारायच्या आणि मादी फुलावर टेकवायचं. पोराने तेवढ्यावर न थांबता व्हॅनिलाचं फूल निरखलं. बांबूची बारीक काडी घेतली, मधला पडदा तिने वर उचलला, आणि अंगठ्याने पराग खालच्या जागेवर दाबला. झालं! काडी आणि अंगठा. दोन-तीन सेकंदांचं काम.

मालक एकदा वेलीजवळून जाताना बघतो तर दोन शेंगा लटकलेल्या. वीसेक वर्षं जिने काही दिलं नाही त्या वेलीला! एडमंड म्हणाला, मी केलं. मालकाचा विश्वास बसेना. काही दिवसांनी आणखी शेंग दिसली, तेव्हा त्याने करून दाखवायला सांगितलं आणि पोराने दाखवलं. मग एडमंडला या मळ्यातून त्या मळ्यात नेऊन बाकीच्या गुलामांना शिकवायला लावलं. ज्याला फुकट राबवतात त्याचं शिकवणंही फुकटच. एकोणिसावं शतक संपता संपता ते लहानसं बेट वर्षाला सुमारे २०० टन व्हॅनिला बाहेर पाठवू लागलं, मेक्सिकोलाही मागे टाकून. आज सगळ्यात जास्त व्हॅनिला मादागास्करमध्ये होतो, आणि रीत अजून तीच, त्या पोराची.

पुढे त्याचं काय झालं? २० डिसेंबर १८४८ रोजी त्या बेटावरची गुलामी संपली. नाताळच्या पाच दिवस आधी. रेयूनियनमध्ये त्या दिवशी अजूनही सुट्टी असते, नाचगाणं असतं. सुटलेल्या प्रत्येकाला सरकारदरबारी आडनाव मिळालं. एडमंडला मिळालं ‘अल्बियस’. लॅटिनमध्ये पांढरा या अर्थाच्या शब्दावरून हे नाव. काळ्या पोराला पांढरा म्हणायचं, ही कुणाची गंमत होती का व्हॅनिलाच्या फुलाची आठवण, कुणी काहीही म्हणो. तो शहरात गेला, एका घरी स्वयंपाकघरात कामाला लागला आणि दागिन्यांच्या चोरीत सापडला. सक्तमजुरीची शिक्षा झाली. जुन्या मालकानेच सरकारकडे रदबदली केली, की या माणसाने बेटाला केवढी संपत्ती मिळवून दिली ते बघा. तेव्हा मुदतीआधी सुटका झाली. दरम्यान रिशार नावाचे एक मोठे वनस्पतितज्ज्ञ म्हणू लागले, ही रीत मीच बेटावर येऊन शिकवून गेलो होतो, पोराने ती चोरून पाहिली असावी. तेव्हाही बेलिए-बोमोंनी लेखी कळवलं, की नाही, हे त्या मुलाचंच. मालक म्हणून त्याचं कौतुक करायला आमचं मन होत नाही, कारण माणूस विकत ठेवणारा तो माणूस होता. पण त्याने ते पत्र लिहिलं नसतं, तर आज एडमंडचं नाव आपल्याला कळलं नसतं, हेही खरं. १८८० सालच्या ऑगस्टमध्ये एडमंड हलाखीतच वारला. लाखोंच्या त्या व्यापारातून त्याच्या पदरात काही पडलं नाही. सेंत सुझानमध्ये आता त्याचं स्मारक आहे.

त्या बेटावर फुलांचं हे काम बहुतेक बायाच करायला लागल्या. त्यांना तिकडच्या भाषेत ‘मारिएज’ म्हणतात, म्हणजे लग्नं लावणाऱ्या. भल्या पहाटे वेलीत शिरायचं आणि दुपारच्या आत जेवढी उमलली तेवढ्यांची लग्नं उरकायची. सराईत बाईचा हात दिवसाला हजारावर फुलं करतो. लग्नानंतर नऊ महिन्यांनी शेंग तयार होते. आमच्यातली एक लगेच म्हणाली, ‘सगळं आपल्यासारखंच हो!’ हिरव्या शेंगेला वास नसतो. ती गरम पाण्यातून काढायची, घोंगडीत गुंडाळून घाम काढायचा, रोज थोडं ऊन दाखवायचं, मग सावलीत महिनोन् महिने वाळवायची. पाच-सहा किलो हिरव्या शेंगांची एक किलो काळी, लवचिक, वासाची शेंग होते. लोणच्यापापडाचा खटाटोप करणाऱ्यांना यातलं कष्ट सांगायला नको.

आपल्या देशात केरळ-कर्नाटकात हे पीक आहे. २००० सालानंतर मादागास्करला वादळाने झोडपलं आणि भाव चढले, तेव्हा तिकडच्या शेतकऱ्यांनी सुपारीच्या बागांत वेली चढवल्या. हिरव्या शेंगेला किलोमागे हजारो रुपये मिळाले. बागेत चोऱ्या व्हायला लागल्या, लोक रात्री राखणीला बसले. मग दोन-चार वर्षांतच भाव असा कोसळला, की वेली उपटून टाकल्या. कांद्याच्या भावाचं रडगाणं आपणच गातो असं नाही.

आणि आमच्या बाटलीत काय होतं? त्यातलं काही नाही. व्हॅनिलाच्या वासातला मुख्य अंश म्हणजे व्हॅनिलिन. टीमान आणि हारमान या जर्मन शास्त्रज्ञांनी १८७४ साली तो पाइन झाडाच्या रसातून तयार केला. नंतर लवंगेच्या तेलापासून, कागदकारखान्याच्या टाकाऊ लगद्याच्या पाण्यापासून आणि आता बराचसा खनिज तेलातून निघालेल्या रसायनापासून होतो. जगात व्हॅनिला म्हणून जे काही खाल्लं जातं, त्यात बहुतेक हाच असतो. तो विषारी नाही, परवानगीचा आहे. पण खऱ्या शेंगेत दोनशेहून जास्त वासाचे अंश असतात आणि या बाटलीत मुख्यतः एकच. आम्ही शेंग मागवून एक घाणा केला. फरक आहे. नाकाला आधी कळत नाही, गिळल्यावर मागे राहतो. पण भाव बघून डोळे पांढरे झाले. म्हणून आम्ही बाटलीच वापरणार, आणि पाकिटावर ‘कृत्रिम स्वादयुक्त’ असं स्वच्छ लिहिणार. कायद्यानेही लिहायचंच असतं, आम्हीच आळस केला होता. नाताळच्या खास डब्यात मात्र खरी शेंग चिरून घालणार, आणि त्याची किंमत वेगळी.

इथवर झालं बाहेरचं. आता घरातलं सांगितलं पाहिजे, नाहीतर ही सगळी गोष्ट सांगायचा आम्हाला अधिकार नाही.

आमच्या गटात एक मावशी आहेत. त्यांचं नाव आम्ही घेत नाही, का ते शेवटी कळेल. सुरुवातीला आमच्याकडे ओव्हन नव्हता. कढईत वाळू तापवून, तिच्यावर तिवई ठेवून भाजायचो. खालून करपायची, वरून ओली राहायची. झाकणाला वाफ धरायची आणि पाणी टपकून आमच्या साखरेच्या ताऱ्याचा चिखल व्हायचा. मावशींनी चार दिवस नुसतं बघितलं. पाचव्या दिवशी लोखंडी तवा लालबुंद तापवून झाकणावर उपडा घातला. झाकण तापलं, वाफ धरेना, वरूनही आच लागली, ब्राउनीचा वरचा पापुद्रा चकाकायला लागला. गोव्यात बेबिंका करताना वर निखारे ठेवतात हे आम्हाला मागाहून कळलं. मावशी गोव्याला कधी गेलेल्या नाहीत. शाळेतही फारशा गेलेल्या नाहीत. साखर ब्राउनी पुरती निवल्यावरच घालायची, हेही त्यांचंच.

मग तालुक्याला प्रदर्शन भरलं. आमच्या ब्राउनीला बक्षीस मिळालं. अर्जावर ‘कृती कोणाची’ असा रकाना होता. आम्ही तिथे गटाच्या अध्यक्षांचं नाव लिहिलं. कुणी सांगितलं नव्हतं, कुणी फसवलं नव्हतं. हात आपोआप तिकडे गेला, कारण सही त्यांची लागते, बँकेत त्या जातात, बोलायला त्याच उभ्या राहतात. प्रमाणपत्र त्यांच्या नावाने आलं, फोटो त्यांचा छापून आला. मावशींनी टाळ्या वाजवल्या. पुढचे दोन महिने त्या कामाला आल्या नाहीत. गुडघे दुखतात म्हणाल्या. आम्ही तेल पाठवलं!

एडमंडची गोष्ट बैठकीत वाचून दाखवली तेव्हा मावशी आलेल्या होत्या. रिशारसाहेबांपाशी आलो आणि वाचणारीचा आवाज अडकला. अध्यक्षबाई उठल्या, घरून प्रमाणपत्र घेऊन आल्या आणि मावशींच्या मांडीवर ठेवलं. मावशी म्हणाल्या, ‘मला वाचता येत नाही. ह्याचं मी काय करू?’ त्या रागाने बोलल्या की साधेपणाने, हे आमच्यात अजून ठरलेलं नाही.

या नाताळच्या पाकिटावर कृतीखाली मावशींचं नाव छापायचं, असा ठराव झाला आहे. नफ्यातला जादा हिस्साही ठरला. तो त्यांनी लगेच मान्य केला आणि वहीत लिहून घ्यायला लावला. नावापाशी मात्र गाडं अडलं. आम्ही विचारलं, काय छापू? त्या म्हणाल्या, ‘कोणतं? माहेरी वेगळं होतं. लग्नात ह्यांनी बदललं. आडनाव तर बदललंच. चाळीस वर्षांत मला दोन्हीपैकी एकाही नावाने कुणी हाक मारलेली नाही. अमक्याची आई आणि आता मावशी.’ एकीने सुचवलं, ‘मावशीची ब्राउनी’ छापूया, खपेलही छान. त्यावर मावशी तिच्याकडे नुसत्या बघत राहिल्या.

छपाईचा मजकूर १० डिसेंबरला द्यायचा आहे. पहिल्या ऑर्डरी २० तारखेला निघतात. तोवर विचार करून सांगते, असं त्या म्हणाल्या आहेत. आम्ही पाकिटावर जागा कोरी सोडली आहे.